विश्लेषण : होमी भाभांच्या अणुस्वप्नात पाणी एवढे महत्त्वाचे का होते?

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव घेतले की युरेनियम, थोरियम आणि अणुबॉम्ब हे शब्द आठवतात. पण त्यांनी उभारलेल्या प्रत्येक अणुभट्टीपुढे पहिला प्रश्न पाण्याचा होता. पाणी किती लागणार, ते किती शुद्ध हवे, ते कोणत्या प्रकारचे हवे आणि ते कोणाकडून मिळणार? या प्रश्नांच्या उत्तरांवर देशाचा अणुकार्यक्रम पुढे गेला आणि काही काळ अडलाही. भाभांचे आयुष्य, अणुभट्टीतील पाण्याचे रसायनशास्त्र आणि परभणी जिल्ह्यातून वीजनिर्मितीसाठी जाणाऱ्या पाण्याचा हिशेब यांचा हा आढावा.

होमी भाभा मूळचे कोण होते?

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा वकील होते. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरात पुस्तके, चित्रे आणि पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या भरपूर होत्या. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असे शिक्षण झाल्यावर १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले.

त्यांनी मेकॅनिकल इंजिनीअर व्हावे आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. त्यांचे मन मात्र भौतिकशास्त्रात रमले. अखेर वडिलांशी तडजोड झाली. आधी इंजिनीअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हायचे आणि मग हवे ते शिकायचे. १९३० मध्ये त्यांनी ती अट पूर्ण केली. पुढे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, यावर त्यांनी केलेले काम ‘भाभा स्कॅटरिंग’ या नावाने आजही शिकवले जाते. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी वैश्विक किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला.

सक्तीने पूर्ण केलेले इंजिनीअरिंग वाया गेले नाही. पुढे अणुभट्ट्या उभारताना पंप, पाइप, व्हॉल्व्ह, टाक्या आणि उष्णता वाहून नेण्याची गणिते समोर आली, तेव्हा देशाच्या अणुकार्यक्रमाच्या प्रमुखपदी दोन्ही भाषा समजणारा माणूस होता.

सुट्टीवर आलेले भाभा इथेच कसे राहिले?

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीचा मार्ग बंद झाल्याने ते बेंगळूरुच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाले. तेथे सी. व्ही. रामन होते. १९४१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, भाभा रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टकडे मूलभूत संशोधनाच्या संस्थेचा प्रस्ताव पाठवला. तेव्हा हिरोशिमावर बॉम्ब पडायला सव्वा वर्षाहून अधिक काळ बाकी होता. अणुऊर्जेपासून वीज मिळू लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञ परदेशात शोधावे लागू नयेत, हा त्यामागचा विचार होता. १९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च म्हणजे टीआयएफआर सुरू झाली. ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये अणुऊर्जा विभाग अस्तित्वात आला आणि मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, तुर्भ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी ट्रॉम्बे येथे मोठ्या संशोधन केंद्राचे काम सुरू झाले. जागेच्या एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला मुंबई बंदराचे पाणी होते. या पाण्याचे महत्त्व लवकरच दिसणार होते.

अणुभट्टीला पाणी कशासाठी लागते?

युरेनियमचा अणू फुटला की उष्णता आणि न्यूट्रॉन बाहेर पडतात. हे न्यूट्रॉन फार वेगात असतात. त्यांचा वेग कमी केला तर ते पुढचा अणू सहज फोडतात आणि साखळी सुरू राहते. वेग कमी करणाऱ्या पदार्थाला मंदायक म्हणतात. बहुतेक अणुभट्ट्यांत पाणी हाच मंदायक असतो.

पाण्याचे दुसरे काम उष्णता वाहून नेण्याचे. इंधनाभोवती पाणी फिरत राहिले नाही तर इंधनाच्या कांड्या तापून वितळू शकतात. तिसरे काम किरणोत्सर्ग अडवण्याचे. काही मीटर खोल पाणी हा किरणोत्सर्गासमोरचा चांगला आडोसा असतो. चौथे काम टर्बाइन फिरवणारी वाफ तयार करण्याचे, आणि पाचवे ती वाफ थंड करून पुन्हा पाणी बनवण्याचे.

पहिल्या चार कामांसाठी अतिशय शुद्ध पाणी लागते. पाचव्या कामासाठी समुद्राचे, नदीचे किंवा धरणाचे पाणी चालते, पण ते प्रचंड प्रमाणात लागते. अणुवीज केंद्राची जागा याच पाचव्या कामामुळे ठरते.

‘अप्सरा’ पाण्याच्या हौदात का होती?

भाभांना पहिली अणुभट्टी लवकर आणि आपल्याच माणसांच्या हातून उभारायची होती. त्यासाठी त्यांनी सर्वांत सुटसुटीत रचना निवडली. काँक्रीटचा खोल हौद, त्यात स्वच्छ पाणी आणि पाण्यात खाली सोडलेला इंधनाचा गाभा. मंदायक, शीतक आणि संरक्षक आडोसा ही तिन्ही कामे एकाच पाण्याने करायची. समृद्ध युरेनियमचे इंधन ब्रिटनकडून आले. बाकीची रचना आणि बांधणी ट्रॉम्बेच्या तरुण इंजिनीअरांनी साधारण वर्षभरात केली.

४ ऑगस्ट १९५६ रोजी या अणुभट्टीत साखळी अभिक्रिया सुरू झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातील ही पहिली अणुभट्टी होती. चालू असताना तिच्या पाण्यात निळसर प्रकाश दिसे. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी तिला ‘अप्सरा’ हे नाव दिले.

दिसायला हा पोहण्याच्या तलावासारखा हौद असला तरी त्यात नळाचे पाणी भरून चालत नाही. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड असे क्षार विरघळलेले असतात. ते इंधनावरील ॲल्युमिनियमचे आवरण गंजवतात. शिवाय न्यूट्रॉनच्या माऱ्यात काही क्षार स्वतःच किरणोत्सारी होतात. म्हणून हे पाणी क्षारमुक्त करावे लागते. त्यासाठी ते रेझिनच्या बारीक मण्यांमधून सोडतात. एका प्रकारचे मणी कॅल्शियम, सोडियम असे धन आयन पकडतात, तर दुसऱ्या प्रकारचे क्लोराइड, सल्फेट असे ऋण आयन. उरते ते जवळजवळ निव्वळ पाणी. औष्णिक वीज केंद्रांत यालाच ‘डीएम वॉटर’ म्हणतात.

पाण्याची शुद्धता त्यातून वीज किती सहज वाहते यावर मोजतात. नळाच्या पाण्याची विद्युतवाहकता दर सेंटीमीटरला काहीशे मायक्रोसिमेन्स असते. अणुभट्टीच्या पाण्यात ती एक मायक्रोसिमेन्सच्याही खाली ठेवावी लागते. २५ अंश तापमानाला पूर्णपणे निव्वळ पाण्याची वाहकता ०.०५५ असते. त्याहून शुद्ध पाणी असूच शकत नाही.

कॅनडाच्या नदीची जागा समुद्राने कशी घेतली?

दुसरी अणुभट्टी बरीच मोठी होती. १९५६ मध्ये कोलंबो योजनेखाली कॅनडाशी करार झाला. कॅनडातील चॉक रिव्हर येथील ‘एनआरएक्स’ अणुभट्टीच्या धर्तीवर ट्रॉम्बेत ४० मेगावॉट औष्णिक क्षमतेची अणुभट्टी उभारायचे ठरले. तिला लागणारे जड पाणी अमेरिकेने दिले. कॅनडा, भारत आणि अमेरिका यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव ‘सायरस’ पडले.

मूळ अणुभट्टीची रचना मात्र इथे जशीच्या तशी चालणार नव्हती. चॉक रिव्हरला शेजारी थंड, गोड पाण्याची ओटावा नदी आहे. तिचे पाणी घ्यायचे, प्रक्रिया करून एकदा इंधनावरून फिरवायचे आणि पुन्हा नदीत सोडायचे, अशी तिथली सोय होती. ट्रॉम्बेला तशी नदी नाही. समोर आहे ते खारे पाणी. ते इंधनाला लागले तर क्लोराइडमुळे धातूची वाट लागणार.

उपाय म्हणून पाण्याचे दोन वेगळे मार्ग केले गेले. इंधनाभोवती क्षारमुक्त पाणी बंद फेऱ्यात फिरत राहील. ते तापले की उष्णता विनिमयकात जाईल आणि तिथे नळ्यांच्या दुसऱ्या बाजूने वाहणारे समुद्राचे पाणी त्याची उष्णता घेईल. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळणार नाहीत. वीज गेली आणि पंप बंद पडले तर काय, याचाही विचार झाला. उंचावर मोठी गोलाकार टाकी बांधली गेली. पंप थांबले तरी तिचे पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली येऊन इंधन थंड ठेवेल, अशी ती सोय होती.

‘सायरस’ १० जुलै १९६० रोजी सुरू झाली. पूर्ण क्षमतेला पोहोचायला तिला १९६३ उजाडावे लागले. पुढे अनेक वर्षांनी याच अणुभट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचे पाणी गोडे करण्याचे छोटे संयंत्र जोडले गेले. २०१० च्या अखेरीस ही अणुभट्टी कायमची बंद झाली.

‘जड पाणी’ म्हणजे बोअरचे पाणी का?

नाही. मराठवाड्यात ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि हंड्याला पांढरा थर बसतो, त्याला जड पाणी म्हणतात. ते क्षारांचे पाणी. अणुशास्त्रातले जड पाणी वेगळे.

पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. निसर्गातील साधारण साडेसहा ते सात हजार हायड्रोजन अणूंमागे एक अणू दुप्पट वजनाचा असतो. त्याला ड्युटेरियम म्हणतात. ज्या पाण्यात जवळपास सगळा हायड्रोजन ड्युटेरियमच्या रूपात असतो, ते जड पाणी. ते साध्या पाण्याहून सुमारे ११ टक्के जड असते. दिसायला दोन्ही सारखेच.

त्याचे महत्त्व इंधनात आहे. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियमच्या १,००० अणूंपैकी सुमारे ७ अणूच सहज फुटणारे असतात. साधे पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करते, पण बरेच न्यूट्रॉन स्वतःच गिळून टाकते. त्यामुळे नैसर्गिक युरेनियमवर साखळी टिकत नाही. जड पाणी फारच कमी न्यूट्रॉन गिळते.

म्हणजे देशापुढे दोन मार्ग होते. पहिला, साधे पाणी वापरायचे आणि महागडे समृद्ध युरेनियम परदेशातून आणायचे. दुसरा, देशातले नैसर्गिक युरेनियम वापरायचे आणि जड पाणी मिळवायचे. भारताकडे युरेनियम थोडे आणि थोरियम भरपूर. म्हणून भाभांनी १९५४ मध्ये तीन टप्प्यांचा कार्यक्रम मांडला. त्याचा पहिला टप्पा नैसर्गिक युरेनियमच्या अणुभट्ट्यांचा होता. तिसऱ्या टप्प्यातील थोरियमपर्यंत जाण्याची पहिली पायरी जड पाण्याची होती.

नांगलचा कारखाना कशासाठी?

जड पाणी दुसऱ्याच्या हातात राहिले तर आपला कार्यक्रमही त्याच्या हातात राहील, हे भाभांना ठाऊक होते. भाक्रा धरणामुळे पंजाबात वीज उपलब्ध होत होती. नांगल येथे खत कारखान्यासाठी पाण्याचे विद्युत विघटन करून हायड्रोजन तयार केला जाणार होता. या प्रक्रियेत ड्युटेरियम मागे राहिलेल्या पाण्यात साठत जाते. त्याचा फायदा घेऊन खताला जोडूनच जड पाणी बनवायचे ठरले. १९६२ मध्ये देशातील हा पहिला जड पाणी प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला सुमारे १४ टन होती.

सुरुवात म्हणून ती मोठी होती, गरजेच्या मानाने मात्र फारच थोडी. राजस्थानात कॅनडाच्या मदतीने उभारल्या जाणाऱ्या एका वीज अणुभट्टीलाच २०० टनांहून अधिक जड पाणी लागणार होते. नांगलचे सगळे उत्पादन साठवले तरी एका अणुभट्टीपुरते पाणी जमायला १४ वर्षे लागली असती. ही तफावत भाभांच्या हयातीत भरून निघाली नाही.

तारापूरची निवड का झाली?

भाभांनी दुसरा मार्गही मोकळा ठेवला. देशाला लवकरात लवकर अणुवीज दाखवायची होती. पश्चिम भारतात कोळशाच्या खाणी लांब, तर मुंबई आणि गुजरातच्या कारखान्यांची विजेची भूक मोठी. मुंबईच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर अरबी समुद्राच्या काठी, आताच्या पालघर जिल्ह्यात, तारापूर होते. थंड करायला समुद्र होता. १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला आणि १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम दिले गेले.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. त्यांत साधे पाणी इंधनावरून जाताना उकळते आणि तीच वाफ टर्बाइन फिरवते. रचना सोपी, पण पाण्याची शिस्त कडक. इंधनाला लागलेले पाणी थेट टर्बाइनपर्यंत जाते, त्यामुळे पाण्यातील प्रत्येक दोष सगळ्या यंत्रणेत फिरतो. ऑक्टोबर १९६९ मध्ये या केंद्रातून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. ते पाहायला भाभा नव्हते.

चिमूटभर मिठाची एवढी भीती का?

वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरमध्ये हजारो बारीक नळ्या असतात. नळ्यांच्या आत समुद्राचे पाणी आणि बाहेर शुद्ध वाफ. एखाद्या नळीला सुईएवढे छिद्र पडले तरी खारे पाणी शुद्ध पाण्यात शिरते. क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही सोडत नाही. ताण असलेल्या जागी, विशेषतः जोडाजवळ, धातूला बारीक भेगा पडू लागतात. म्हणून पाण्यातील क्लोराइड अब्जांश भागांत मोजतात. कंडेन्सरमधून येणारे पाणी पुन्हा रेझिनमधून गाळल्याशिवाय अणुभट्टीत जात नाही.

दुसरी अडचण किरणोत्सर्गाची. त्याच्या माऱ्याने पाण्याचे रेणू तुटतात. त्यातून ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि गंजाला मदत होते. म्हणून विरघळलेल्या ऑक्सिजनवर सतत लक्ष ठेवावे लागते. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्यात लिथियम हायड्रॉक्साइड मिसळून त्याचा सामू म्हणजे पीएच दहाच्या पुढे ठेवतात. त्यामुळे पोलादावर टिकाऊ थर बसतो आणि गंज आवरतो.

गंजाचा प्रश्न फक्त पाइपांच्या आयुष्याचा नाही. गंजाचे सूक्ष्म कण पाण्याबरोबर इंधनापर्यंत जातात. तिथे न्यूट्रॉनमुळे त्यातील कोबाल्ट किरणोत्सारी होतो. हे कण परत फिरून पाइप, पंप आणि व्हॉल्व्हमध्ये बसतात. कोबाल्ट-६० चा किरणोत्सर्ग निम्मा व्हायला सव्वापाच वर्षे लागतात. पुढे दुरुस्तीसाठी तिथे जाणाऱ्या फिटरला, वेल्डरला आणि सफाई कामगाराला त्याचा डोस मिळतो. प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञाने आज पाणी किती काटेकोर ठेवले, यावर पुढे त्या कामगाराच्या अंगावर पडणारा किरणोत्सर्ग ठरतो.

वापरलेल्या पाण्याचे काय होते?

फरशी धुतलेले पाणी, कपड्यांच्या धुलाईचे पाणी, गळती आणि प्रयोगशाळेतील सांडपाणी हे सगळे किरणोत्सर्गाच्या प्रमाणानुसार वेगळे ठेवतात. कमी किरणोत्सारी पाण्यात रसायने घालून दूषित घटक तळाशी बसवतात, मग गाळणे आणि रेझिन. काही पाणी आटवतात. अडकलेला गाळ आणि निकामी रेझिन सिमेंटसारख्या पदार्थात घट्ट करून साठवतात. तपासणीनंतर ठरलेल्या मर्यादेतील पाणीच बाहेर सोडता येते. इंधनावर प्रक्रिया केल्यानंतर उरणारे अति किरणोत्सारी द्रव वेगळेच असते. ते काचेत मिसळून गोठवतात. तारापूरला त्याचे संयंत्र १९८५ मध्ये सुरू झाले.

एक घटक मात्र रेझिनने पकडता येत नाही. जड पाणी वापरताना त्यात ट्रिटियम तयार होते. तो हायड्रोजनचाच भाऊ असल्याने पाण्याचा भाग बनून राहतो. त्याचे अर्धे आयुष्य १२.३ वर्षे आहे. जड पाण्याचा एकेक थेंब जपण्यामागे त्याची किंमत हे एक कारण आहे आणि ट्रिटियम हे दुसरे.

भाभांचा मृत्यू कसा झाला?

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाकडे निघाले होते. एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरण्याआधी आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. भाभा ५६ वर्षांचे होते. त्याच दिवशी इंदिरा गांधी यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. लालबहादूर शास्त्री यांचे निधन होऊन दोन आठवडेही झाले नव्हते.

हा घातपात होता, असे संदेश व्हॉट्सॲपवर दरवर्षी फिरतात. फ्रान्सच्या चौकशीत विमान पर्वताच्या कोणत्या बाजूला आहे याबाबत वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्यात झालेली गफलत हे कारण पुढे आले. १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या केंद्राला ‘भाभा अणुसंशोधन केंद्र’ असे नाव देण्यात आले.

त्यांच्यानंतर पाण्याने देशाला कसे अडवले?

मे १९७४ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचणी केली. त्यातील प्लुटोनियम ‘सायरस’मधून आले होते. अमेरिकेने जड पाणी शांततेच्या कामासाठी दिले होते. भारताने हा शांततामय स्फोट असल्याचे सांगितले. अमेरिका आणि कॅनडाला ते पटले नाही. कॅनडाने सहकार्य थांबवले. तारापूरच्या इंधनाचा पुरवठाही अडचणीत आला.

राजस्थानातील दुसरी अणुभट्टी १९८१ मध्ये व्यावसायिक उत्पादनाला लागली. उशिराचे एक मोठे कारण जड पाण्याची टंचाई होते. सोव्हिएत संघाकडून ते विकत घ्यावे लागले आणि त्यासोबत तपासणीच्या अटीही आल्या. बडोदा, तुतिकोरिन, तालचेर, कोटा येथे प्रकल्प उभे राहिले, पण सुरुवातीची वर्षे अडचणींची होती. १९८७ मध्ये महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील थळ येथे खत कारखान्याला जोडून मोठा जड पाणी प्रकल्प सुरू झाला. खत आणि जड पाणी एकत्र बनवण्याची नांगलची कल्पना इथे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. पुढे टंचाई संपली आणि भारत जड पाणी निर्यात करू लागला. भाभांनी दोन्ही मार्गांवर पाऊल टाकले होते. १९७४ नंतर दोन्हींवर अडथळे आले. त्यातून देश ज्या मार्गावर सावरला, तो नांगलला सुरू झालेला होता.

परभणीकरांचा याच्याशी काय संबंध?

मराठवाड्यात अणुवीज केंद्र नाही. पण वीज केंद्र आणि पाणी यांचे नाते परभणी जिल्ह्याला चांगलेच ठाऊक आहे. सोनपेठ तालुक्यातील गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून परळीच्या औष्णिक केंद्राला पाणी जाते. पाथरी तालुक्यातील मुदगल बंधाऱ्यातूनही त्यासाठी पाणी सोडले जाते. दुष्काळात २०१३ आणि २०१५ मध्ये परळीतील वीजनिर्मिती पाण्याअभावी बंद ठेवावी लागली.

हिशेब असा. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमानुसार, कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरता येते. परळीतील २५० मेगावॉटचे तीन संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले आणि त्यांनी या मर्यादेइतके पाणी घेतले, तर रोज ६ कोटी ३० लाख लिटर पाणी लागेल. माणशी १३५ लिटर धरले तर हे पाणी साडेचार लाखांहून अधिक लोकांना पुरते. २०११ च्या जनगणनेत परभणी शहराची लोकसंख्या ३ लाख ७ हजार होती.

अणुवीज केंद्रही या हिशेबातून सुटत नाही. त्यात तयार होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णतेचीच वीज होते. उरलेली उष्णता पाण्याने वाहून न्यावी लागते. म्हणून तारापूर, कल्पाक्कम आणि कुडनकुलम समुद्राकाठी आहेत. रत्नागिरीतील प्रस्तावित जैतापूरही किनाऱ्यावरच आहे. समुद्रापासून दूर असलेली केंद्रे खात्रीच्या पाण्याजवळ आहेत. रावतभाटा चंबळच्या धरणाजवळ, नरोरा गंगेजवळ, काक्रापार तापीच्या पाण्यावर आणि कैगा काळी नदीवरील कद्रा जलाशयाजवळ. ज्या खोऱ्यात एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, तिथे कोणतेही मोठे औष्णिक किंवा अणुवीज केंद्र आणायचे म्हटले की आधी पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याचा हिशेब मांडावा लागेल.

ट्रॉम्बेचे पाण्यावरचे ज्ञान घरापर्यंतही आले आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यावर चालणारे घरगुती जलशुद्धीकरण यंत्र विकसित केले. ते विजेशिवाय, नळाच्या दाबावर चालते आणि गढूळपणा व जिवाणू अडवते. विरघळलेले क्षार मात्र ते काढत नाही. म्हणून बोअरचे खारे पाणी असेल तर त्याचा उपयोग मर्यादित. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतात. घरात जार किंवा आरओ घेण्याआधी पाण्याची तपासणी करून हा आकडा जाणून घ्यावा. क्षार कमी असतील तर आरओची गरज नसते. ते यंत्र बरेच पाणी वाया घालवते, आणि मराठवाड्यात तेही मोजून वापरावे लागते.